हलका हात

१

एप्रिल लागला की आदिलाबादेत फ्रिज हा घरातला जावई होऊन बसतो. सगळे त्याची मर्जी सांभाळतात. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि नेमका तेव्हाच रश्मीच्या घरचा जावई रुसला. वर फ्रीझरमध्ये बर्फाचा ढीग, आणि खाली ठेवलेलं दूध सकाळपर्यंत नासलेलं.

दुसऱ्या कुणाच्या घरून मेकॅनिकला फोन गेला असता. रश्मी स्वतःच आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवायची. अकरा वर्षं. 'आधी मीटर, मंग मत' हे तिचं वाक्य पोरं तिच्या माघारी तिच्याच आवाजात म्हणायची. तर रविवारी सकाळी तिनं पदर खोचला, फ्रिज रिकामा केला आणि फ्रीझरच्या आतल्या पॅनेलचे दोन स्क्रू काढले.

ह्या फ्रिजचं गणित काही अवघड नाही. पॅनेलच्या मागं गार नळ्यांचं जाळं असतं, त्यावर बर्फ धरतो. दर आठ-दहा तासांनी एक टायमर कॉम्प्रेसर थांबवतो, हीटर लावतो, बर्फ वितळतो आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरतं. ह्यातलं एखादं कुणी मेलं की बर्फ साचत जातो आणि गारवा खाली पोचतच नाही. आता फक्त मेलंय कोण ते शोधायचं.

"कशाले डोकं खपवून राह्यली?" तिचा नवरा प्रितम व्हरांड्यातून म्हणाला. "भंगारवाल्याले देऊन टाक. नवा घेऊ."

"आठच वर्षांचा तं हाये."

"मंग बस करत." तो उठला, माठातलं पाणी प्याला आणि पुन्हा पेपर घेऊन बसला.

रश्मीनं पातेल्यात गरम पाणी ठेवून बर्फ उतरवला. मीटर लावला. हीटर चांगला. बर्फ वितळला की हीटर तोडणारा बायमेटल चांगला. स्क्रू-ड्रायव्हरनं टायमर फिरवला, टक् झालं, कॉम्प्रेसर थांबला आणि हीटर तापला. सगळे जिवंत होते. तिनं सगळी मापं पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा घेतली. पूर्वी ती एकदाच घ्यायची. डिसेंबरपासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता.

२

त्याचं कारण सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रश्मीची सासू मनकर्णाबाई. जन्मभर लोकांच्या कापसात राबून एकुलत्या एका पोराला शिकवलेली, मंडल ऑफिसात कारकून केलेली बाई. म्हातारपणी साखर लागली आणि डोळे गेले, म्हणजे उजेड-अंधार तेवढा समजायचा. रोज सकाळ-संध्याकाळ साडेसातला इन्सुलिनची सुई, आणि ती रश्मीनंच द्यायची. म्हातारी फ्रिजसमोर उभी राहायची, डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत गुंडाळायची, हात बाजूला धरून तोंड भिंतीकडं करायची. रश्मी फ्रिजमधून सुई काढायची, चिमटीत कातडी धरायची, टोचायची. "झालं का वं माय?" "झालं, आत्याबाई." सात वर्षं हा नेम. सासवा-सुनांचं पटत नाही म्हणतात, पण ह्या दोघींचं इतकं पटायचं की प्रितमच कधीकधी पाहुणा वाटायचा.

डिसेंबरात रश्मीला हैदराबादला दहा दिवसांच्या ट्रेनिंगला जावं लागलं. तिनं वीस सिरिंज अठरा-अठरा युनिट भरल्या, प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेननं लिहिलं, 'सोम. सकाळ', 'सोम. संध्या.', आणि स्टीलच्या डब्यात घालून डबा फ्रिजमध्ये ठेवला. प्रितमला टोचायचं कसं ते दोनदा दाखवलं. त्यानं मान हलवली.

रोज संध्याकाळी फोन. "देल्ली का सुई?"

"देल्ली."

मग म्हातारी फोनवर यायची. "पोराचा हात लय हलका हाये माय. चिमटा तेवढा समजते, सुई तं समजत बी नाई." रश्मीला तेव्हा खरं सांगायचं तर जरासं लागलंच होतं. सात वर्षांत आपल्या हाताला असं कुणी म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी म्हातारी म्हणाली, तहान लय लागून राह्यली. सहाव्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. दवाखान्यात नेलं तर साखर सहाशेच्या वर. दुपारी गेली. रश्मी बसनं पोचली तेव्हा दिवे लागले होते.

तिथं कंपाउंडरनं एकच विचारलं. "सिरिंज चाळीसची होती का शंभरची?" बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिटांची, आणि सिरिंज शंभरची घेतली तर अठराच्या खुणेवर सातच युनिट जातं. चाळीसचं टोपण लाल, शंभरचं नारिंगी. टोपण लाल होतं असंच रश्मीला वाटत होतं, पण शपथेवर सांगता येईना. मीटरची रेंज न बघता आकडा वाचणाऱ्या पोरांना तिनं अकरा वर्षं फैलावर घेतलं होतं, आणि आता घरच्याच सुईची रेंज तिला आठवत नव्हती. बघायला डबाही नव्हता. आईच्या कपड्यांसंगं डबाही टाकला, असं प्रितम म्हणाला.

म्हातारीच्या जलदानविधीच्या दिवशी चुलतसासरे चंपतराव सगळ्यांसमोर, पण मायेनंच बोलले. "मोजण्यात गफलत झाली असन, बाई. मनाले लावून घेऊ नको." प्रितम खाली मान घालून बसला होता. रात्री तो तिच्याजवळ आला. "मी तुले काही म्हटलं का? माफ केलं मी तुले." त्या माफीसाठी रश्मी त्याच्या पाया पडली होती.

३

गुरुवारी फ्रिज पुन्हा बर्फानं भरला. चार दिवसांत.

रश्मीनं बाजारातून नवा बायमेटल आणला, जुना ठणठणीत असताना बदलला. दुकानदार हिंदीत म्हणाला, "मैडम, पार्ट तो सब ठीक है, गड़बड़ कहीं और है." हे तिलाही कळत होतं. तिनं पॅनेल काढलं आणि बर्फ उतरवायला बसली. कापसासारखा बर्फ थराथरानं सुटत होता, आणि मधल्या थरात काहीतरी पांढरं चिकटलेलं दिसलं. तिनं बोटानं उकरून काढलं. चिकटपट्टीचा तुकडा होता. वर बॉलपेननं, तिच्याच अक्षरात, 'बुध. संध्या.'

ती बराच वेळ ते वाचत बसली. मग तिचं डोकं चालू लागलं, तसं ते नेहमी चालायचंच. डब्यातल्या एखाद्या सुईची पट्टी सुटली असेल. आतला पंखा हवा ओढतो, हलका कागद जाळीतून मागं गेला असेल. होऊ शकतं. पण रविवारी तिनं हेच पॅनेल काढून मागच्या नळ्या फडक्यानं कोरड्या पुसल्या होत्या. चार दिवसांपूर्वी तिथं काही नव्हतं. तेव्हा दिसलं नसेल, असं तिनं ठरवून टाकलं. हल्ली आपल्याला दिसत नाहीच.

पट्टी तिनं फेकली नाही, हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली. प्रितमला सांगितलं नाही. का नाही, ते तिलाही कळलं नाही.

४

आतले सगळे पार्ट चांगले असताना बर्फ धरतो, याचा एकच अर्थ. बाहेरची दमट हवा आत जाते आहे. म्हणजे एकतर दाराचं रबर ढिलं, नाहीतर दार पुन्हापुन्हा उघडतंय.

रबर तपासायची सोपी युक्ती असते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर रबर गेलं. पुढच्या बुधवारी सकाळी रश्मीनं ओढली, निघेना. रबर पक्कं होतं. तिनं पट्टी तशीच दारात राहू दिली आणि दोघं कामाला गेली. प्रितम सव्वाआठच्या बसनं इंद्रवेल्लीच्या ऑफिसात, ती नऊला स्कूटीवर. घराला कुलूप. संध्याकाळी सगळ्यात आधी तीच आली. पट्टी जमिनीवर पडलेली होती.

वारा, म्हणाल. बंद घरात वारा कुठला? तिनंही तेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमधून एक जुना काउंटर आणला. फ्रिजमधल्या दिव्याच्या वायरला जोडला. दार उघडलं, दिवा लागला, की काउंटरमध्ये टक् वाजून आकडा एकानं पुढं सरकणार. सकाळी निघताना तिनं आकडा शून्यावर आणला. संध्याकाळी कुलूप काढून ती चपलांसकट स्वयंपाकघरात गेली. काउंटरवर सेहेचाळीस होते.

वायर ढिली असेल. तिनं सगळे जोड पुन्हा कसले. दुसऱ्या दिवशी एकावन्न.

मग तिच्या मनात तेच आलं जे कुठल्याही बाईच्या मनात येईल. घराची दुसरी किल्ली प्रितमकडं असते. तो दुपारी घरी येतो का? कुणाला घेऊन येतो का? लाज वाटली तिला, पण आलं मनात. म्हणून त्या रात्री जेवताना ती त्याच्याकडं लक्ष देऊन बघत होती, आणि म्हणूनच तिला ते दिसलं. प्रितमला पाणी हवं होतं. तो फ्रिजला टेकून उभा होता. तरी तो वळून अंगणाकडच्या माठापाशी गेला.

"फ्रिजातलं काऊन नाई घेत?"

"माठातलं बरं राह्यते."

ती आठवू लागली. सकाळचं दूध, 'रश्मी, दूध दे'. ताक, 'रश्मी, ताक काढ'. आंबे आणले तरी ते टेबलावर ठेवून द्यायचा. डिसेंबरपासून आपल्या नवऱ्यानं एकदाही फ्रिजच्या दाराला हात लावलेला तिला आठवेना.

५

सोमवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावली, पुढचं कुलूप तसंच ठेवून मागच्या दाराचं कुलूप काढून आत आली आणि मधल्या खोलीत खुर्चीवर बसली. तिथून दाराच्या चौकटीतून फ्रिजची बाजू दिसायची, समोरचं तोंड दिसायचं नाही. प्रितम कुणाला घेऊन आला तर आधी आवाज येईल, मग बघू, असा तिचा हिशोब.

घर उन्हानं तापलं होतं. पंखा तिनं मुद्दाम लावला नव्हता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मागच्या पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती, तीही थांबली. अडीच वाजले. पावणेतीन. आपण वेड्यासारखं बसलोय असं वाटून ती उठणार, एवढ्यात स्वयंपाकघरात टक् वाजलं.

काउंटर.

फ्रिजचं मोठं दार तिच्या बाजूला उघडलेलं होतं. कधी उघडलं ते तिनं पाहिलं नव्हतं. दाराच्या आडोशाला फ्रिजसमोर काय होतं ते दारानंच झाकलं होतं. फक्त आतल्या दिव्याचा पिवळा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता. डब्यांवरून, बाटल्यांवरून कुणीतरी चाचपत हात फिरवावा तसा बारीक आवाज येत होता. कपाट नीट लावलेलं नसलं की म्हातारी तशीच चाचपायची.

मग आवाज थांबला आणि दाराच्या कडेच्या पलीकडून एक हात बाजूला आला.

डावा हात होता. लुगड्यावरच्या चोळीची बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. कोपराखाली तीन हिरवी गोंदलेली टिंबं. हात तसाच धरलेला राहिला, न हलता, वाट पाहत. रश्मीनं ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही, कारण ती दंडाकडं बघत होती. सात वर्षं त्या दंडावर तिच्या सुयांचे ठिपके असायचे. एकही ठिपका नव्हता. त्या जागी नखांच्या खुणा होत्या, दोन-दोनच्या जोडीनं, काळ्यानिळ्या, चिमट्याच्या.

चिमटा तेवढा समजते माय, सुई तं समजत बी नाई.

रश्मीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा फ्रिजचं दार बंद होतं आणि भिंतीवर उजेड नव्हता.

६

ती घरातून पळाली नाही. पळून कुठं जाणार, आणि कुणाच्या भीतीनं? आत्याबाईच्या? तिनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला, फ्रिजचा प्लग काढला आणि पॅनेल उघडलं.

बर्फ वीतभर जाड होता. तिनं गरम पाणी वापरलं नाही, तशीच समोर पाटावर बसून राहिली. दुपारच्या गरमीनं थर सुटत गेले. आधी एक लाल ठिपका दिसला. मग दुसरा. मग ते मोजता येऊ लागले.

दहा सिरिंज होत्या, ओळीनं, दोन-दोनच्या जोडीनं. नळ्यांच्या जाळीमागं, जिथं पॅनेल काढल्याशिवाय माणसाचं बोट जात नाही तिथं. सोम. सकाळ, सोम. संध्या., अशा शुक्रवार संध्याकाळपर्यंत. एकीवरची पट्टी तेवढी नव्हती. ती डबीत होती.

तिनं एकेक खिडकीच्या उजेडात धरली. टोपण लाल. दट्ट्या अठराच्या खुणेवर. दुसरी, टोपण लाल, अठरा. ती दहाही बघत गेली आणि एकदाच बघत गेली. एकही चुकलेली नव्हती, आणि एकही वापरलेली नव्हती.

मग ती रडली. चार महिने ज्या हातांना तिनं शिव्या घातल्या त्या हातांनी तोंड झाकून रडली. आत्याबाईसाठी रडली की स्वतःसाठी ते तिला सांगता आलं नसतं. त्यानंतर राग आला, आणि त्यानं डोळे कोरडे झाले. म्हातारी हात पुढं करून तोंड भिंतीकडं फिरवायची. विश्वासानं. पोटचा पोरगा दोन नखांनी चिमटा घ्यायचा आणि म्हणायचा, झालं.

तिनं फ्रिज पुसला, पॅनेल बसवलं, प्लग लावला. काउंटर तसाच राहू दिला.

७

प्रितम सात वाजता आला. हातपाय धुतले, खुर्चीत बसला.

"चहा ठेव. झाला का फ्रिज?"

"झाला."

"काय बिघडलं होतं?"

रश्मीनं स्टीलची थाळी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. दहा सिरिंज, टोपणं एका बाजूला.

त्यानं पाहिलं. आधी काही कळलंच नाही त्याला. मग चेहऱ्यावरचा रंग उतरला. "ह्या कुठून आल्या? ह्या तं मी नालीत टाकल्या होत्या."

बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

रश्मी समोर बसली. "काऊन?"

तो थाळीकडं बघत बोलू लागला. "माह्या हातून टोचणंच होत नव्हतं, रश्मी. सुई पाहिली का हातपाय गळून जायचे. पहिल्या दिवशी म्हटलं, संध्याकाळी देऊ. संध्याकाळी बी नाई झालं. मंग तुले सांगितलं होतं देल्ली म्हणून, आता कसं फिरवू?"

"शेजारच्या नर्सबाईले बोलवाचं ना."

"लोक काय म्हणतीन? एवढा मोठा माणूस आन् सुई टोचता येत नाई."

"आन् जलदानाच्या दिवशी?" रश्मीचा आवाज चढला नव्हता. "चंपतमामंजी बोलले तेव्हा तुमी खाली पाहत होते. मंग रात्री मले माफ केलं. मी तुमच्या पाया पडली. चार महिने मी माह्या हातांकडं पाहून राह्यली. लॅबमधी पोरांसमोर बी एकेक माप तीन-तीनदा घेत होती मी. एकदा तरी सांगाचं. मले एकटीले तरी."

"सांगणारच होतो."

"कवा?"

गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल येऊन थांबली, बंद झाली. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात झाले.

स्वयंपाकघरात टक् वाजलं.

प्रितमची पाठ त्या बाजूला होती. रश्मीच्या मागच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला, तो त्याला समोरच दिसला. डब्यांवरून हात फिरल्याचा आवाज आला आणि थांबला.

"रश्मी," तो हळूच म्हणाला, "फ्रिजचं दार लाव."

"मी नाई उघडलं."

"रश्मी, मी हात जोडतो."

तिनं त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. मग थाळीतली एक सिरिंज उचलून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो बसून राहिला, आणि वळून बघेना. मागं म्हातारीच्या आवाजात, नेहमीच्याच, कुठलीही तक्रार नसलेल्या आवाजात कुणीतरी विचारलं, "झालं का रे बाप्पा?"

रश्मीनं सिरिंज पुन्हा थाळीत ठेवली.

"सांगा ना तिले, देल्ली म्हणून," ती म्हणाली. "मले तं रोज सांगत होते."